पेट्यांची वाटणी

गीताबाईंना प्रश्न फार पडतात, ही घरातली जुनी तक्रार. लग्न होऊन कापूरहोळला आल्या त्याच आठवड्यात त्यांनी सासऱ्यांना विचारलं होतं, की जळालेल्या मोटरीतली तार काढून नुसती नवी गुंडाळली तर ती फिरायला कशी लागते? सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. आप्पा मात्र हसले नव्हते. आपल्या दुकानाच्या, कुंडलिक वाइंडिंग वर्क्सच्या पायरीवर सुनेला बसवून त्यांनी अर्धा तास सगळं समजावून सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, “ही पोरगी इचारती, तिला इचारू द्या.” तो परवाना गीताबाईंनी चाळीस वर्षं वापरला.

आप्पा गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला येत्या महिन्यात वर्ष होणार होतं. आज त्याच दुकानात त्यांचे तीन मुलगे तीन खुर्च्यांवर तीन दिशांना तोंडं करून बसले होते. थोरले सोपान, म्हणजे गीताबाईंचे मालक, तपकिरीची डबी उघडत आणि मिटत होते. मधला अजित मार्गासनीहून शेतातलं काम टाकून आला होता. धाकटा संघपाल भोरहून आला होता आणि सारखा घड्याळ बघत होता. सोमवारची भर दुपार होती आणि हायवेवरून गाड्या सुसाट चालल्या होत्या.

मागच्या खोलीत एसी तेवढा घरघरत होता. त्या खोलीत लोखंडी मांडणी होती आणि मांडणीला तीन खण. दोन रिकामे. तिसऱ्यात एकच काळी पेटी, तिच्यावर नारिंगी दिवा लुकलुकत होता. पेटीसमोर स्टुलावर शुभांगी बसली होती.

शुभांगी या तिघांची बहीण. संघपालपेक्षा चार वर्षांनी मोठी. तिचे मालक वेल्ह्याच्या शाळेत मास्तर, आणि ती रोज स्कूटरवरून मार्गासनी, नसरापूर करत इथे यायची. पुण्यातली कंपनी सोडून तिनं सात वर्षांपूर्वी आप्पांना गळ घातली, की हायवेच्या कडेनं इंटरनेटची फायबर गेलीय, मागची खोली रिकामी आहे, तीन सर्व्हर घेऊन द्या. आजूबाजूच्या धंदेवाल्यांचं कॉम्प्युटरवरचं सगळं काम त्यांच्यावर चालवते. आप्पांनी पेट्या घेऊन दिल्या. आता नसरापूरची लॅब, दोन राइस मिल, एक ट्रान्सपोर्टवाला, शाळा, दूध संघ असे अकरा जण या खोलीवर विसंबून होते.

आणि सकाळपासून अकराही जण बंद होते.

झालं होतं ते असं. शनिवारी वाटणी ठरली. कापूरहोळची जागा सोपानकडे, मार्गासनीचं रान अजितकडे, भोरचं घर संघपालकडे. राहता राहिल्या तीन पेट्या. भाऊ तीन, पेट्या तीन. इतकी सोपी वाटणी या घराण्यात आजवर झाली नव्हती. रिवाजाप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या, शेजारच्या लहानग्या पोरीकडून उचलल्या, आणि ज्याची त्यानं न्यायची ठरलं. शुभांगी तेव्हा पुण्यात होती, लेकीच्या, शिवानीच्या, कॉलेज प्रवेशासाठी. तिला कोणी फोन केला नाही. तिचा वाटणीत संबंधच काय? येत्या गुरुवारी भोरला रजिस्टर ऑफिसात तिची हक्कसोडपत्रावर सही व्हायची होती.

रविवारी अजितनं आपली पेटी गोधडीत गुंडाळून पिकअपमधून नेली. काहीच बंद पडलं नाही. फसगत झाली ती तिथंच. संघपाल म्हणाला, “बघा, मी म्हणलो नव्हतो?” आणि आज सकाळी स्वतःची पेटी गाडीत घालून तो भोरला निघाला. तो अर्ध्या वाटेवर पोचेतो नसरापूरच्या लॅबमधून पहिला फोन आला होता. पेट्या घेऊन परत या, असे दोघा भावांना निरोप गेले.

त्या लॅबची निलोफर आता दुकानातल्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसली होती. “सोपानकाका,” तिनं तिसऱ्यांदा सांगितलं, “मला घाई करायची न्हाई. पण आमच्या एका बाईंचं उद्या सकाळी पुण्यात ऑपरेशन हाय. तीन महिन्यांचे रिपोर्ट तुमच्याकडं आत अडकलेत. डॉक्टर ते बघितल्याबिगर हात लावणार न्हाईत.”

सोपान म्हणाले, “व्हईल, बाळा, व्हईल.” आणि डबी मिटली.

गीताबाईंना राहवेना. चहाचा कप घेऊन त्या मागच्या खोलीत गेल्या आणि शुभांगीच्या शेजारी उकिडव्या बसल्या.

“शुभाताई, ही पेटी तर हितंच हाय. दिवा बी लागलाय. मग ही का चालंना?”

दुसरं कोणी असतं तर शुभांगी खेकसली असती. ती सकाळपासून उपाशी होती, शिवाय तिच्या पाठीमागे तिच्याच खोलीची चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली होती. पण वहिनीच्या विचारण्यात टोचणी नसते, हे तिला ठाऊक होतं.

“वहिनी, या तिघी एकमेकींवर सारखं लक्ष ठेवून असतात. एकीचा आवाज आला न्हाई, तर बाकीच्या दोघी म्हणतात, आपण दोघी हाय, म्हंजे जास्त हाय, चालवू. म्हणून काल काही झालं न्हाई. पण आज ही एकटी उरली. हिला बाहेरचं दिसत न्हाई. हिला वाटतं, त्या दोघी तिकडं चालवत असतील. मग मी हिकडं चालवलं तर एकाच माणसाचे दोन वेगळे रिपोर्ट तयार व्हायचे. त्यापेक्षा थांबलेलं बरं.”

“स्वतःहून थांबली?”

“स्वतःहून.”

“शाणी हाय,” गीताबाई म्हणाल्या. त्यांना त्या पेटीविषयी एकदम आपुलकी वाटली. “आन ते अकरा जण? ते ह्या तीन पेट्यांत कसं बसत्यात? एकीत चार, एकीत चार, एकीत तीन?”

शुभांगीला पहिल्यांदाच हसू आलं. “आतमधी अकरा बिऱ्हाडं हायत असं धरा. परत्येकाला वाटतं, आख्खी पेटी माझीच. शेजारच्याचा आवाज न्हाई, वास न्हाई. आन ही बिऱ्हाडं एका पेटीत बसून ऱ्हात न्हाईत. गरज पडली की चालू कामात उठून दुसऱ्या पेटीत जातात. लॅबवालीला कळत पण न्हाई, आपण हिच्यातनं तिच्यात गेलो.”

“चुलीवरचं न उतरवता?”

“न उतरवता.”

गीताबाई चहा विसरल्या. “मग सामान? भांडीकुंडी?”

“सामान तिघींत वाटून. परत्येक वस्तू दोघींकडं, म्हंजे एक पेटी जळाली तरी दुसरीकडं सापडावी. रोजची नक्कल पुण्याला पण जाते, पण ती आणून सगळं उभं करायचं तर दोन दिवस लागतील. निलोफरला दोन दिवस न्हाईत.”

“थांबा, थांबा.” गीताबाईंनी बोटांवर हिशेब लावला. “म्हंजे अजितभावजींनी गोधडीत गुंडाळून नेली, तिच्यात आख्खं असं कुणाचंच न्हाई?”

“न्हाई.”

“आन संघपालभावजींच्यात?”

“त्याच्यात पण न्हाई.”

“मग ह्यांनी वाटलं काय?”

शुभांगीनं खांदे उडवले. “पत्रा,” ती म्हणाली.

हे ऐकायला बाहेरचे तिघे कधी दारात येऊन उभे राहिले होते ते दोघींनाही कळलं नाही. संघपालचा चेहरा पडला. एवढी वर्षं तो वायरी ओढायचा, गिऱ्हाइकांकडे जायचा, पेट्या बंदचालू करायला शिकला होता. त्याला हे कळायला हवं होतं, आणि नव्हतं कळलं. त्यानं नेहमीसारखा आवाज चढवला.

“आता काय करायचं ते बोल, ताई.”

“तीनपैकी दोन एकत्र आल्या की चालू होतंय.”

हे बोलली आणि घोटाळा झाला. अजित लगेच म्हणाला, “दोन पुरत्यात ना? मग दादाची हाय, संघ्याची आणा. माझी ऱ्हाऊ द्या पिकअपमधी.”

“माझीच का?” संघपाल म्हणाला. “तुझी आण. मी काल न्हाई नेली, आज नेली. आधी तू सुरुवात केलीस.”

“माझ्या चिठ्ठीत निघाली ती!”

“मला काय बक्षिसात मिळाली?”

बाहेर उन्हात दोन गाड्या उभ्या, दोन्हींत एकेक पेटी, आणि दोन भाऊ आपली पेटी उतरवायला लागू नये म्हणून भांडतायत. परत आत ठेवली म्हणजे वाटणी मोडली, अशी दोघांची समजूत. निलोफर एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. सोपान थोरले, पण थोरल्यानं बोलायचं असतं तेव्हा नेमकी त्यांना तपकीर सापडत नसे.

“भावजी,” गीताबाईंनी अजितला विचारलं, “तुमी नेऊन करणार काय व्हता तिचं?”

“काय करणार? ठिवली.”

“कुठं?”

“माजघरात. तांदळाच्या पोत्यांवर.” अजित घुटमळला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण फक्त वहिनीकडे बघून म्हणाला, “चालू बी केली. आमच्या पोराचा, सार्थकचा टीव्ही जोडला तिला. नुसत्या पांढऱ्या अक्षरांच्या वळी आल्या. मला वाटलं, आप्पांनी घेतलेली हाय, आप्पांचं कायतरी दिसंल. तुमी सगळी हितं त्यांच्याजवळ ऱ्हायला. मी तिकडं बैलामागं. म्या तासभर बसलो व्हतो तिच्याफुडं.”

अजित पन्नाशी उलटलेला गडी, पण त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं लपवले नाहीत.

“आणि तुमी?” गीताबाईंनी आता धाकट्याकडे मोर्चा वळवला.

“मी भोरला स्वतःचं टाकणार होतो,” संघपाल म्हणाला. “इथं काय, कुणी आलं की विचारतं, ताई हायत का? बारा वाजता उन्हात खांबावर चढून वायर जोडली मी, तरी ताई हायत का. मला वाटलं, एक पेटी घेतली की माझं पण चालेल.”

शुभांगी स्टुलावरून उठली. तिला राग आला होता, आणि वाईटही वाटलं होतं. “संघपाल, तुझं पण चाललं असतं. मला म्हणाला असतास तर आतल्या आत तुझं वेगळं काढून दिलं असतं. भिंत घालायला पेटी फोडावी लागत न्हाई.” मग ती कामाचं बोलली. “दादाची आणि तुझी, या दोघी आज सकाळपर्यंत बरोबर चालत होत्या. अजितदादाची कालच थांबली. तिचं सामान शिळं झालंय. म्हणून आधी तुझीच आणायला पाहिजे.”

“बघा!” अजित म्हणाला, पण त्यात आता जोर नव्हता.

संघपाल हलला नाही. त्यानं शर्टाच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला. “आणतो. न्हाई म्हणत न्हाई. पण ताई, वाटणीचा असा विचका झालाय, तर निदान हे तरी मार्गी लागू दे. कच्चा कागद हाय. आत्ता सही कर, म्हंजे गुरुवारी भोरला गेल्यावर तू हे, मी ते, असं नको.”

गीताबाईंनी भिंतीकडे पाहिलं. तिथं बाबासाहेबांची तसबीर होती. दर चौदा एप्रिलला हाच संघपाल भोरच्या मंडपात उभा राहून सांगायचा, की मुलींना हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली. आणि बायका टाळ्या वाजवायच्या. गीताबाईही वाजवायच्या. हक्कसोड टाइप करून आणला होता तोही त्यानंच. दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकमेकींना धक्का न लागता नांदत होत्या.

“करते सही,” शुभांगी झटक्यात म्हणाली. “आधी पेटी आण.”

तिला कागदाशी काही देणंघेणं नसल्यासारखं तिनं ते म्हटलं. तिचं लक्ष मांडणीतल्या रिकाम्या खणाकडे होतं. आईच्या मागं या घरानं तिला काय दिलं, काय नाही, याचा तिनं कधी तगादा लावला नव्हता. तिला ही खोली चालू राहायला हवी होती, बस. आणि तिच्या या वेडावरच तिघे भाऊ बिनघोर बसले होते. गीताबाईंना हे आज, चाळीस वर्षांनी, लख्ख दिसलं.

संघपालनं पेटी आणली. सोपाननी एक बाजू धरली. शुभांगीनं मागच्या वायरी खोचल्या, बटण दाबलं, आणि पेटी विमानासारखी घोंघावली. मग आवाज उतरला. दुकानातली माणसं दारात गर्दी करून उभी राहिली, गीताबाई सगळ्यांच्या पुढे.

“आता काय चाललंय?”

“एकमेकींना हाका मारतायत.”

“ऐकू गेली?”

“थांबा की, वहिनी.”

थांबले. सोपानही तपकीर विसरून थांबले. पहिल्या पेटीवरचा नारिंगी दिवा विझला. मग तो हिरवा झाला. शुभांगीच्या पडद्यावर अकरा नावांची यादी होती. त्यातलं एक उठलं, दुसरं उठलं. “तुमचं सातवं हाय,” तिनं निलोफरला सांगितलं, आणि सातवं उठलं तेव्हा निलोफरनं मोबाईलवर आपली लॅब उघडली, बाईंचं नाव टाकलं, आणि तिन्ही महिन्यांचे रिपोर्ट तिच्या हातात आले.

“हे घ्या!” निलोफरनं पडदा गीताबाईंपुढे धरला, त्यांनी विचारायच्या आधीच. पुण्याला रिपोर्ट पाठवून, सगळ्यांना जय भीम घालून ती नसरापूरच्या वडापच्या जीपमध्ये बसायला धावत गेली.

अजित बाहेर गेला आणि गोधडीसकट आपली पेटी घेऊन आला. तिसरा खण भरला. “शिळं सामान ताजं करायला किती येळ लागंल?” त्यानं विचारलं.

“तास दीड तास. तिच्या त्या दोघी सांगतील तिला, काल काय काय झालं ते.”

आता खरं म्हणजे सगळ्यांनी जेवायला उठायचं. पण संघपालनं कागद टेबलावर पसरला आणि शुभांगीपुढे पेन ठेवलं. शब्द दिला होता. तिनं पेन उचललं.

“मला बघू द्या की जरा,” गीताबाई म्हणाल्या. “हक्कसोड कसा लिवत्यात?”

“वहिनी, आता त्यात काय बघायचंय?”

“तीन पेट्यांचं बघितलं, ह्याचं बी बघते.”

त्यांनी चष्मा लावला. असा एक कागद त्यांच्याही आयुष्यात येऊन गेला होता. तेवीस वर्षांपूर्वी, माहेरी. भावांनी गाडी पाठवली, ऑफिसाबाहेर भजी खाऊ घातली, हिरवी साडी नेसवली, आणि वकिलानं बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली. उभ्या जन्मात प्रश्नांनी लोकांचं डोकं खाल्लेल्या बाईनं त्या एका दिवशी काही विचारलं नव्हतं. कागद वाचलाही नव्हता. आता त्या मोठ्यानं, शाळेतल्या पोरीसारखं प्रत्येक अक्षरावर थांबून वाचू लागल्या. गट नंबर झाले, चतुःसीमा झाल्या, भोरचं घर झालं, दुकान झालं, “व त्यातील सर्व यंत्रसामग्री” झालं.

“ही यंत्रसामग्री म्हंजे ह्या पेट्या?”

“व्हय,” संघपाल म्हणाला.

“आप्पांनी आणल्या तवा त्यांच्या आत काय व्हतं, शुभाताई?”

“काहीच नव्हतं.”

“कायबी न्हाई?”

“कोऱ्या होत्या, वहिनी.”

सोपाननी मान खाली घातली. गीताबाई पुढे वाचू लागल्या. “‘सदर हक्क मी माझ्या स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कायमचा सोडून देत आहे.’” इथं त्या थांबल्या. तेच वाक्य त्यांनी मनात परत एकदा वाचलं. आपल्याही कागदात ते असणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि साध्या कुतूहलानं, जशी मोटरीची चौकशी केली होती तशीच, नणंदेला विचारलं:

“शुभाताई, तुमची खुशी हाय?”

शुभांगीनं तोंड उघडलं. ती “हो” म्हणणार होती, हे सगळ्यांना माहीत होतं, तिलाही. तिनं वहिनीकडे पाहिलं. हा प्रश्न तिला शनिवारी कोणी विचारला नव्हता, त्याआधीही नाही.

“न्हाई, वहिनी,” ती म्हणाली.

“ताई, तू शब्द दिलास मघाशी!” संघपाल उसळला.

“दिला. निलोफरची बाई अडकली होती म्हणून दिला. तिचं झालं.” तिनं पेन टेबलावर ठेवलं. “मला पण वाटा पाहिजे. पेट्यांत पण, आणि बाकीच्यात पण.”

“दादा, तू बोल की कायतरी!”

सोपान थोरले. बोलायची वेळ आली होती आणि डबी हातात होती. ती त्यांनी खिशात घातली. पण आधी अजितच बोलला. “मला तरी कुणी इचारलं, रान घेतोस का म्हणून? पुन्ना बसू. चौघं बसू.”

“गुरुवार ऱ्हाऊ द्या,” सोपान म्हणाले. “वकिलाला मी फोन करतो. कागद चार जणांचा करायचा.”

संघपाल तडक बाहेर गेला. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला, पण गाडी सुरू झाल्याचा आला नाही. शुभांगी स्टुलावर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. अजित तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.

सोपान बायकोकडे वळले, तर गीताबाई कागद हातात धरून, आवाज न करता, घळाघळा रडत होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात प्रश्न विचारण्याचं काम बायकोचं होतं. आज ते सोपाननी केलं.

“आगं, तुला काय झालं?”

“मला कुणी इचारलंच न्हवतं वो,” गीताबाई म्हणाल्या. “मी बी न्हाईच म्हणले असते.”